ऑक्टोपसचे पाय

आई,

गेले काही आठवडे मी ऑक्टोपसच्या पायांच्या मागे आहे, आणि या सगळ्या काळात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर तो तुझा. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तू होतीस तेव्हा तुझ्यावर चिडायची सोयच नव्हती, त्यामुळे माझ्याकडे बरीच शिल्लक आहे. आज ती काढते आहे. ऐकून घे, मधे बोलू नकोस.

इथं जपानमध्ये ताकोआशी नावाची एक वस्तू असते. ताको म्हणजे ऑक्टोपस आणि आशी म्हणजे पाय. इंजिनाच्या चार भोकांतून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या, वळणं घेत खाली येतात आणि एका नळीत मिळतात, त्या जुडग्याला हे नाव. कंपनीतून गाडी निघते तेव्हा तिथं ओतीव लोखंडाचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो काढून बाहेरून विकत आणलेल्या स्टीलच्या नळ्या लावल्या की झाली ताकोआशी. तुला हे समजावण्यात अर्थ नाही हे मला माहीत आहे. तुझ्या लेखी बॉनेटपासून मागच्या बंपरपर्यंत जे जे वाजतं ते सगळं सायलेन्सर.

आणि हो, माझ्याकडेही पिकअप आहे. हसू नकोस. धंदाही तुझाच घेतला, भांडी भाड्यानं द्यायचा. तोक्योच्या आसपास, ओजिमात, उरायासुत, तोयोसुच्या त्या उंच टॉवरांमध्ये आपली माणसं भरपूर आहेत, आणि बारसं, सत्यनारायण, गणपती हे काही कुणाला चुकत नाही. पण इथल्या ओट्यावर दोन माणसांचा भात शिजेल एवढीच जागा, मग पन्नास माणसांच्या मसालेभाताला पातेलं आणणार कुठून? ते माझ्याकडून येतं. पातेली, पराती, झारे, ताटं-वाट्या, सगळं कराडहून बोटीनं आणलेलं, प्रत्येकावर नाव घातलेलं. गाडी चिबातल्या एका म्हाताऱ्या प्लंबरकडून घेतली, माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठी आहे. पेट्रोलवर चालते, कारण जुन्या डिझेल गाडीला तोक्योत कुणी उभं करत नाही. तिच्या त्या लोखंडी ठोकळ्याला यंदा चीर गेली. आधी सकाळी गाडी सुरू केली की नुसतं टक टक टक व्हायचं, मग हळूहळू तो आवाज तुझ्या फुटक्या सायलेन्सरच्या गाडीसारखा झाला.

इथं दर वर्षी मालवाहू गाडीची तपासणी असते, शाकेन म्हणतात. धूर, आवाज, दिवे, ब्रेक, सगळं. चिरलेल्या मॅनिफोल्डवर गाडी पास होत नाही, आणि ही तपासणी नेमकी गणपतीच्या तोंडावर आली. ऑर्डरी घेऊन झालेल्या. गाडी नापास झाली तर रस्त्यावर आणता येत नाही, आणि गणपतीत एकदा शब्द मोडला की पुढच्या वर्षी लोक दुसरी सोय बघतात. नवरा तर वाटच बघत होता. तो वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीवर तोडगा सापडतो. "प्रॅक्टिकली विचार कर," म्हणाला. "त्या गाडीचं वय बघ. स्क्रॅपला देऊन टाक, लागेल तेव्हा रेंटल व्हॅन घेऊ. नाहीतर आमच्या ऑफिसात को-ऑर्डिनेटरची पोस्ट निघतेय, तुझा सीव्ही फॉरवर्ड करू का?" भाड्याच्या व्हॅनमध्ये कटाच्या आमटीचा एक थेंब सांडला की काय होतं हे त्याला ठाऊक नाही. गाडी गेली की धंदा गेला, आणि धंदा गेला की मी परत कुणाची तरी मिसेस, एवढं साधं होतं ते.

मग मी गॅरेज गाठलं. नदीपलीकडे एक गॅरेज आहे, तिथल्या मालकाला सगळे शाच्यो म्हणतात, शाच्यो म्हणजे शेठ. त्यानं सांगितलं की या गाडीचा नवा ठोकळा कंपनीनं बनवणं कधीच बंद केलंय. भंगारातला जुना मिळेल, पण तो घेऊ नये असं त्याला वाटतं. आता तो जपानी माणूस. 'घेऊ नये असं वाटतं' म्हणजे 'बाई, मुळीच घेऊ नका'. पण मी तुझी मुलगी. मला स्वस्त दिसलं की धीर धरवत नाही. त्यानं तो ठोकळा आणून टेबलावर ठेवला आणि मी काय केलं असेल? टिचकी मारली.

मला तू दिसलीस. परसातल्या नळाखाली पाटावर बसलेली, पदर खोचलेला, लग्नाहून परत आलेल्या भांड्यांचा ढीग समोर, आणि तू एकेक पातेलं डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या पेरानं वाजवतेस. टण्ण वाजलं की उजवीकडे. थप्प वाजलं की डावीकडे, आणि डावीकडचं घेऊन आलेल्या बाईकडे न बघताच तू म्हणतेस, "वहिनी, पातेल्यात आमटी केली का पातेलंच कुस्तीला उतरवलं?" तुझी टिचकी म्हणजे कोर्टाचा निकाल. मी शेजारी उभी राहून ते शिकले, लोकांच्या मुली गाणं शिकतात तसं. म्हणून गॅरेजात मी ऐटीत किल्ली काढली आणि त्या लोखंडावर वाजवली. टण्ण! अगदी खणखणीत. मी शाच्योला म्हटलं, "दाइजोबु," म्हणजे ठीक आहे, बसवा. त्यानं मान झुकवली आणि बसवला. थोडेच दिवस गेले आणि परत टक टक टक. खोलून, कसलासा रंग लावून बघितलं तर तीन चिरा, केसाएवढ्या. शाच्यो म्हणाला, "हो, मला वाटलंच होतं." मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?" तर म्हणतो, "ओकुसान इतक्या खात्रीनं वाजवून बघत होत्या, मला वाटलं भारतातली काही पद्धत असेल." ओकुसान म्हणजे वहिनी.

तुझी पद्धत ओतीव लोखंडाला लागू पडत नाही, आई. हे तू सांगून ठेवायला हवं होतंस. पितळ, तांबं, स्टील, ॲल्युमिनियम, एवढ्यालाच चालते अशी काहीतरी सूचना द्यायची. पण तुला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीला मर्यादा आहे हे माहीतच नव्हतं.

मग राहिली ताकोआशी, आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले. मला वाटलं होतं एक वस्तू असेल, पैसे द्यायचे, बसवायची. छे! लांब पायांची, आखूड पायांची. चारही नळ्या थेट एकीत मिळणारी, आणि आधी चाराच्या दोन होऊन मग दोनाची एक होणारी. पहिलीनं गाडी सुसाट पळते, पण ती वेगात असतानाच. दुसरी हळू चालतानाही ओझं ओढते. कुठली गंजते, कुठलीचं तोंड भोकांना बसत नाही, कुठली पातळ पत्र्याची असल्यानं डब्यात खडे घातल्यासारखी वाजते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलीबरोबर शाकेनला दाखवायचा कागद मिळतो. कागद नाही तर गाडी पास नाही, मग ती सोन्याची का असेना. शाच्योला कागदाचं काही नव्हतं. त्याला आवाजाचं वेड. फोनवर एकेका ताकोआशीचा आवाज लावायचा आणि डोळे मिटून बसायचा. "ही ऐका. आता ही ऐका. कळला फरक?" मी म्हटलं, "शाच्यो-सान, मला पातेली न्यायची आहेत, शर्यत लावायची नाही." त्यानं डोळे न उघडताच अजून एक लावली. घरी नवरा. ज्या गाडीला तो कालपर्यंत भंगारात काढत होता तिच्यासाठी त्यानं अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. लांब पायांवर सिरॅमिकचा थर द्यावा की कापड गुंडाळावं यावर त्याचं मत तयार झालं. "थर्मल एफिशियन्सी," जेवताना मला सांगतोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तू त्याला बघून म्हणाली असतीस. मीच म्हटलं, आणि त्यानं विचारलं, "यात बैलाचा काय संबंध?"

त्यातच खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. एकट्या राहतात, छोट्याशा, पाठीत वाकलेल्या, कचऱ्याच्या दिवशी माझ्याआधी पोचलेल्या असतात. पार्किंग त्यांच्या खिडकीखालीच आहे. लिफ्टपाशी मला थांबवून म्हणाल्या, "गेन्की ना ओतो देसु ने." म्हणजे, काय जोमदार आवाज आहे हो तुमच्या गाडीचा. आणि हसल्या. आता याचा अर्थ काय लावायचा? आपल्याकडे शेजारीण असं म्हणाली की अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. 'काय छान गळा आहे हो तुमच्या बाळाचा!' इथं मात्र मला कळेना. आमच्या ओजिमातल्या बायकांना विचारलं तर निम्म्या म्हणाल्या, "अगं, टोमणा आहे तो, हे लोक सरळ बोलतच नाहीत," आणि निम्म्या म्हणाल्या, "खरंच कौतुक असेल, म्हातारी आहे." टोमण्यांच्या गावात जन्म गेला, आणि इथं येऊन मला एक टोमणा ओळखता येईना. तू असतीस तर भुवईवरून सांगितलं असतंस.

मग आली ती नोटीस. शाच्योनं दाखवायला म्हणून दिलेली एक ताकोआशी खोक्यासकट मी दाराबाहेरच्या गॅलरीत ठेवली होती, आणि दुसऱ्याच दिवशी पत्रपेटीत इमारतीच्या ऑफिसचा कागद. मला सगळी अक्षरं येत नाहीत, पण मोठ्या ठळक अक्षरांत 'ताकोआशी' असं लिहिलेलं होतं. खाली, धोका आहे, आग लागेल, करू नका. बाजूला ज्वाळांचं चित्र! माझं डोकंच फिरलं. हे नक्की आजींचं काम. समोर जोमदार म्हणायचं आणि मागून तक्रार करायची. मी खोकं उचललं, तसंच ऑफिसात नेलं आणि तिथल्या माणसापुढे आदळलं. माझं जपानी रागात फार वाईट होतं. "हे कायदेशीर आहे! याला कागद आहे! आग लागत नाही! हे गाडीत असतं, घरात नाही!" त्या बिचाऱ्यानं हळूच खोकं उघडलं, आतल्या चार चकचकीत नळ्या बघितल्या, परत माझ्याकडे बघितलं. मग वाकून टेबलाखालून विजेचा बोर्ड वर काढून दाखवला, एकाच बोर्डात पाच पिना खुपसलेला. "ओकुसान," म्हणाला, "ही ताकोआशी." एका प्लगमधून खंडीभर वायरी काढल्या की त्यालाही इथं ऑक्टोपसचे पायच म्हणतात. नोटीस सगळ्या इमारतीला होती. मी माफी मागितली, खोकं उचलून घरी आले आणि स्वयंपाकघरात बघते तर मिक्सर, राईस कुकर, किटली आणि फोनचा चार्जर, सगळं एकाच बोर्डावर. म्हणजे नोटीस मला लागू होतीच.

पण तोवर मनाशी ठरलं होतं. आजींचं बोलणं टोमणा असो वा नसो, मला आवाजच नको होता. मी आखूड पायांची, चाराच्या दोन आणि दोनाची एक होणारी, कागदवाली घेतली, आणि वर मागचा सायलेन्सरचा डबाही नवा घालायला लावला. शाच्योचं तोंड उतरलं. "काहीच ऐकू येणार नाही," म्हणाला. मी म्हटलं, तेच हवंय.

यावर तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. कराडात मंगल कार्यालयाच्या फाटकात तू गाडी आणलीस की स्कूटरवर बसलेले बाप्ये हलायचे नाहीत. वॉचमन खिडकीत वाकून, स्टिअरिंगवर बसलेल्या तुलाच विचारायचा, "ड्रायव्हर कुठाय?" मग तू पाय दाबायचीस आणि ती फुटकी गाडी अशी डरकायची की स्कूटरवाले चहासकट बाजूला. मिस्त्री कितीदा म्हणाला, "वहिनी, सायलेन्सर बदलूया, कान किटतात." तुझं एकच उत्तर, "वाजू दे की. मुक्या गाडीला वाट कोण देतंय?" मी एकदा मिस्त्रीची बाजू घेतली तर मलाच सुनावलंस, "तुला शांत गाडी पायजे आसल तर शांत बाईच्या पोटी यायचं हुतंस."

गाडी पास झाली. गणपती पार पडले, एकही पातेलं उशिरा पोचलं नाही. नवऱ्यानं सीव्हीचा विषय काढलेला नाही, उलट ऑफिसात सगळ्यांना चाराच्या दोन समजावून सांगतो म्हणे. सगळं मनासारखं झालं, आणि मग परवा आजी. मी गाडी लावून वर जात होते तर त्या जिन्यात धरून धरून उतरत होत्या, मला बघून थांबल्या आणि माझा हातच धरला. इथं कुणी हात धरत नाही. म्हणाल्या, "ओकुसान, बरं वाटत नव्हतं का? का भारतात गेला होता?" मी म्हटलं, "नाही, रोज इथंच आहे की." तर म्हणतात, "गाडीचा आवाजच येत नाही बरेच दिवस. आवाज आला की मी म्हणायचे, आल्या बाई, आता मीही चहा ठेवते. आवाज थांबला तशी काळजीच लागली." मी त्यांना सांगितलं की गाडीत नवीन नळ्या घातल्या. त्या म्हणाल्या, "अस्सं. छान. खूपच शांत झाली." या वेळी मला अर्थ कळला.

मग इतका आटापिटा कशाला केला मी? सरळ बोलायला काय होतं त्यांना? आणि मला तरी सरळ विचारायला काय होतं? हे सगळं मी जिना चढताना मनात म्हणतेय, चिडून, आणि वर पोचून दाराशी उभी राहिले तेव्हा मला कळलं की मी आजींसाठी शांत नळ्या घेतल्याच नव्हत्या.

तू गेल्यावर मामानं तुझी पिकअप विकली. कुणाला, तर गावातल्याच एका भाजीवाल्याला. लांबच्या कुणाला तरी विकायची ना! त्यानंही सायलेन्सर बदलला नाही, तुझ्यासारखाच चिकट. रोज संध्याकाळी ती आपल्या घरावरून जायची. मी स्वयंपाकघरात असायचे, तुझ्याच ओट्यापाशी, भाकरी तव्यावर, आणि नाक्यावर तो आवाज वळला की माझे पाय उठायचे. मला माहीत असायचं ते काय आहे. तरी मी अंगणात जाऊन, तू यायचीस तेव्हा काढायचे तशी, फाटकाची कडी काढायचे. गाडी समोरून निघून जायची, मागे कोबीच्या पोत्यांवर बसलेला माणूस माझ्याकडे बघायचा, आणि मी परत कडी लावायचे. किती दिवस चाललं हे मला सांगता येणार नाही, पण बाबांनी एकदा सुद्धा 'कुठं गेली होतीस' असं विचारलं नाही. भाकरी करपलेली असायची, ती ते मुकाट्यानं खायचे. मला वाटलं, माझ्या मुलीच्या वाट्याला असं काही नको. आईच्या गाडीला ओळखण्यासारखा आवाजच नसेल तर उद्या तो येईनासाही होणार नाही. केवढी हुशारी केली मी, बघ.

हे पत्र तुला पाठवायचं म्हटलं तरी पाठवणार कुठं, आणि पोचलंच तर तू उत्तरात मला झापशील. त्यामुळे राहू दे इथंच. फक्त एक सांगते, घरात कुणाला बोललेले नाही. परवापासून मी गाडी जागेवर लावली की किल्ली बंद करायच्या आधी एकदा पाय दाबते. पूर्ण. नव्या नळ्या कितीही शहाण्या असल्या तरी तेवढं केलं की ओरडतात. इथं असं करणं म्हणजे मोठाच उर्मटपणा, कुणी खरंच तक्रार केली तर मला तोंड नाही. आजींची खिडकी उघडते, त्या हात हलवतात, आणि कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगणार आहे. पण हात हलवून त्या आत गेल्यावरही मी गाडीतून उतरत नाही. काच खाली करून बसते, आणि वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराची कडी निघते का, ते ऐकते.